न दुखणारा डाग : त्वचारोगांचे संशोधन आणि भंडारा जिल्हा

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून सर्वत्र परिचित आहे. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की येथील हजारो स्त्रिया दिवसाचे दिवस गुडघाभर चिखलात उभ्या असतात. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडण्याचे काम चालते, तर घरोघरी विड्या वळल्या जातात. तुमसरच्या परिसरात मँगनीजच्या खाणी आहेत. मोहाडीकडे कोशाचे कापड विणले जाते. ही सर्व कामे हातापायांची आहेत. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बोटांना पानाचा स्पर्श कळला पाहिजे, विणकराला धागा जाणवला पाहिजे आणि रोवणीकरणीला पायाखालचा काटा बोचला पाहिजे. बोटांची ही जाणीव गेली की त्या घराची मिळकतही जाते.

म्हणूनच कातडीचा विकार हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. पूर्व विदर्भातील ज्या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अद्यापही लक्षणीय संख्येने आढळतात, त्यांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली यांचा समावेश होतो. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, त्याची औषधे विनामूल्य मिळतात आणि ती गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच उपलब्ध असतात. असे असूनही काही रुग्ण बोटे वाकडी झाल्यानंतर किंवा तळपायाला जखम पडल्यानंतरच दवाखान्याची पायरी चढतात. औषध आहे, परंतु ते वेळेवर पोहोचत नाही. असे का होते, याचे उत्तर या रोगाच्या स्वभावात आणि समाजाच्या मनात असलेल्या भीतीत शोधावे लागते. हा रोग, त्यावरील संशोधन आणि त्याच्याशी घोटाळा होणारे त्वचेचे व केसांचे इतर विकार यांची ओळख ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

डागांची भाषा

त्वचा हा शरीराचा सर्वांत विस्तृत अवयव होय. ती शरीराचे रक्षण करते, घामावाटे उष्णता नियंत्रित करते आणि स्पर्श, वेदना, उष्ण व थंड यांची वार्ता मेंदूस पोहोचविते. आतील अनेक बिघाडांची पहिली खूण त्वचेवर उमटते. परंतु प्रत्येक डागाचा अर्थ निराळा असतो आणि तो वाचता येणे आवश्यक असते.

शाळकरी मुलांच्या चेहऱ्यावर, मानेवर किंवा पाठीवर फिकट ठिपके दिसतात. त्यांना लोक शिबे म्हणतात. त्यांवर बहुधा बारीक कोंडा असतो व स्पर्शज्ञान शाबूत असते. कोड झालेला भाग दुधासारखा पांढराशुभ्र होतो. कधी त्यावरील केसही पांढरे होतात, परंतु तेथेही स्पर्श व वेदना पूर्णपणे कळतात. कोड हा संसर्गजन्य नाही. शरीराच्या संरक्षक पेशींनी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींवरच हल्ला केल्यामुळे तो होतो. कोडास ‘पांढरे कुष्ठ’ म्हणण्याची जुनी प्रथा सर्वस्वी चुकीची असून तिच्यामुळे अनेक निरोगी व्यक्तींवर अकारण अन्याय झाला आहे. नायटा किंवा गजकर्ण यांचा डाग गोल असतो, त्याची कड उठावदार व खवलेयुक्त असते, आणि त्याला तीव्र खाज सुटते.

कुष्ठरोगाचा डाग या सर्वांहून निराळा आहे. तो फिकट किंवा लालसर असतो, पूर्ण पांढरा नसतो. तो खाजत नाही व दुखत नाही. त्या जागी घाम येत नाही, कातडी कोरडी पडते, केस विरळ होतात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथील संवेदना कमी होते किंवा नाहीशी होते. आरोग्य कार्यकर्ता रुग्णास डोळे मिटण्यास सांगून पेनच्या टोकाने हळूच स्पर्श करतो व स्पर्श झालेली जागा बोटाने दाखविण्यास सांगतो. डागावरील स्पर्श रुग्णाला दाखविता आला नाही, तर संशय बळावतो. या साध्या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही.

तथापि एका प्रकारात डाग पुष्कळ असूनही त्यांवरील संवेदना टिकून असते. अशा रुग्णाचा चेहरा तेलकट व चकाकणारा दिसतो, कानाच्या पाळ्या जाड होतात, अंगावर गाठी येतात आणि भुवयांचे केस बाहेरच्या टोकाकडून झडू लागतात. भुवया विरळ होणे ही केसांची साधी तक्रार समजून तेल चोळत बसण्यात मोलाचा काळ वाया जातो. त्वचा व केस यांचा विचार एकत्र का करावा लागतो, हे या एका लक्षणावरून ध्यानात यावे.

जंतूचा शोध

शेकडो वर्षे हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ किंवा आनुवंशिक दोष मानला गेला. नॉर्वेमधील बर्गेन येथील डॉक्टर गेरहार्ड आर्मॉर हॅन्सन यांनी १८७३ साली रुग्णाच्या गाठींमध्ये काडीच्या आकाराचे सूक्ष्म जंतू पाहिले. मानवी रोगाशी जंतूचा संबंध जोडणाऱ्या अगदी आरंभीच्या शोधांपैकी हा एक होय. त्या दिवसापासून पापाच्या कल्पनेस शास्त्रीय आधार उरला नाही.

हा जंतू विलक्षण मंदगती आहे. सामान्य जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर कुष्ठरोगाच्या जंतूस त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे जातात. कधी २० वर्षेही लागतात. आज गावात आढळलेल्या रुग्णाचा संसर्ग काही वर्षांपूर्वीचा असतो. उलट लहान मुलात रोग दिसला, तर त्या परिसरात अलीकडेच संसर्ग झाला असून कोणीतरी उपचार न घेतलेला रुग्ण आसपास आहे, असा त्याचा अर्थ होतो. सर्वेक्षणात मुलांच्या तपासणीस विशेष महत्त्व दिले जाते ते याच कारणामुळे.

हा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम पोषक द्रव्यावर अद्यापही वाढविता आलेला नाही, आणि संशोधनातील ही फार मोठी अडचण ठरली. १९६० साली अमेरिकेतील चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात त्याची मर्यादित वाढ करून दाखविली. पुढे १९७१ साली आर्माडिलो नावाच्या खवलेधारी प्राण्यात हा रोग निर्माण करता आला. या प्राण्याच्या शरीराचे तापमान कमी असते व या जंतूला थंड भागच मानवतो. मनुष्याच्या शरीरातही नाक, कान, हात, पाय व कातडीलगतच्या नसा यांवरच त्याचा रोख असण्याचे कारण हेच आहे. औषध कितपत गुणकारी आहे व जंतू त्यास दाद देतो की नाही, हे तपासणे या प्रयोगांमुळे शक्य झाले.

मुंबईतील संशोधकांचा वाटाही या क्षेत्रात मोठा आहे. विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आरंभीच्या अवस्थेतील डागांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून त्वचेतील नसांवर होणाऱ्या परिणामांकडे लक्ष वेधले. मुंबईतील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुग्णांपासून वेगळ्या केलेल्या जंतूंपासून पुढे ‘आयसीआरसी’ ही लस तयार करण्यात आली. दक्षिण भारतात झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत या लसीमुळे सुमारे ६५ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसून आले. दिल्ली येथे डॉ. जी. पी. तलवार यांच्या मार्गदर्शनाखाली दुसरी एक भारतीय लस विकसित झाली. क्षयरोगासाठी बालकांना दिली जाणारी बीसीजी लसही कुष्ठरोगापासून काही प्रमाणात संरक्षण देते.

कडूकवठापासून बहुविध उपचारापर्यंत

प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांत या रोगावर तुवरक म्हणजे कडूकवठाच्या बियांचे तेल सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच जातीच्या तेलाची टोचणी जगभर दिली जात असे. ती अतिशय वेदनादायक असत व गुण अनिश्चित असे. १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे डॉ. गाय फॅजे यांनी सल्फोन वर्गातील प्रोमिन या औषधाचा वापर सुरू केला आणि प्रथमच रोग आटोक्यात येऊ लागला. त्यानंतर त्याच वर्गातील डॅप्सोन हे स्वस्त औषध आले. गोळीच्या रूपाने घरोघरी देता येईल असे औषध हाती आल्यामुळे रुग्णास वसाहतीत डांबून ठेवण्याची गरज संपली.

या नव्या विचाराची प्रयोगभूमी विदर्भ ठरला. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य आरंभिले होते. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांची स्वतःच्या हाताने शुश्रूषा केली. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले, तर वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन वसविले. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. तेथे डॉ. रा. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या तीन सूत्रांवर आधारलेली पद्धती रूढ केली. रुग्णाने दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघर जावे, लोकांना रोगाची माहिती द्यावी आणि रुग्णास त्याच्या घरीच औषध मिळावे, हे त्या पद्धतीचे सार होते. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमात याच सूत्रांचा अंगीकार करण्यात आला.

परंतु एकट्या डॅप्सोनवर विसंबणे महागात पडले. औषध अनेक वर्षे, कित्येकदा आयुष्यभर घ्यावे लागे. रुग्ण मध्येच ते सोडून देत. १९६४ साली मलेशियात या औषधास दाद न देणारे जंतू प्रयोगाने सिद्ध झाले व नंतर अनेक देशांत ते आढळले. याच सुमारास दोन नवी शस्त्रे हाती आली. डब्लिन येथील संशोधकांनी तयार केलेले क्लोफाझिमिन हे त्यांपैकी एक. दुसरे रिफॅम्पिसिन, त्याच्या एकाच मात्रेने शरीरातील बहुसंख्य जिवंत जंतू नष्ट होतात. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा, हे या बहुविध औषधोपचारामागील साधे तत्त्व आहे. देशात ज्या जिल्ह्यांत ही पद्धती सर्वांआधी राबविण्यात आली, त्यांत वर्धा अग्रभागी होता. १९८३ साली राष्ट्रीय कार्यक्रमाचे नाव बदलून ते कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम असे करण्यात आले.

जंतूंचे प्रमाण कमी असलेल्या असांसर्गिक प्रकारात ६ महिने व सांसर्गिक प्रकारात १२ महिने उपचार दिला जातो. महिन्याची पहिली मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यावयाची व उरलेल्या गोळ्या रोज घरी घ्यावयाच्या, अशी व्यवस्था आहे. असांसर्गिक प्रकारात पूर्वी दोनच औषधे देत असत. एप्रिल २०२५ पासून त्याही रुग्णांना तिन्ही औषधे देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. रिफॅम्पिसिनमुळे लघवीस तांबूस रंग येतो व क्लोफाझिमिनमुळे कातडी काही काळ काळवंडते. हा रंग उपचार संपल्यावर हळूहळू ओसरतो. याची कल्पना आधी न दिल्यास रुग्ण घाबरून औषध टाकून देतो. पहिल्या मात्रेनंतर अल्पावधीतच रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. त्यामुळे उपचार घेणाऱ्या व्यक्तीस घरात वेगळे ठेवण्यास, तिची भांडी निराळी करण्यास किंवा तिला कामावरून दूर करण्यास कोणतेही कारण उरत नाही.

नसांचे रक्षण

औषधाने जंतू मरतो, परंतु मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. विलंबाची खरी किंमत येथे मोजावी लागते. कोपराजवळची नस दुखावली की करंगळी व अनामिका वाकतात. गुडघ्याजवळची दुखावली की पाऊल लोंबू लागते. चेहऱ्याची नस दुखावली की डोळा मिटत नाही व बुबुळास इजा पोहोचते. बोटे ‘झडतात’ हा समज मात्र खरा नाही. बधिर हाताला चूल, गरम भांडे किंवा विळ्याची धार कळत नाही. जखमेकडे दुर्लक्ष होते, ती चिघळते, हाडापर्यंत पोहोचते आणि बोट आखडत जाते. चिखलात राबणाऱ्या बधिर पायात काटा शिरला तरी तो दिवसभर तसाच राहतो. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, आणि कुष्ठरोगात नेमका तोच झोपी जातो.

उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही काही रुग्णांना प्रतिक्रिया येते. डाग अचानक लाल होऊन सुजतात, ताप येतो, नसा दुखतात, हातापायांत अशक्तपणा जाणवतो. हे औषध बाधल्याचे लक्षण नसून जंतूंविरुद्ध शरीराने केलेल्या लढ्याचा तो परिणाम असतो. अशा वेळी औषध बंद न करता ताबडतोब आरोग्य केंद्र गाठावे. नसेची शक्ती कमी झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोनचा योग्य उपचार मिळाल्यास ती बऱ्याच अंशी परत येऊ शकते.

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्नायुबंध स्थलांतरित करून वाकलेली बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया यशस्वी केल्या. आज अशा पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया कार्यक्रमांतर्गत केल्या जातात. तळपाय बधिर असलेल्यांना मऊ रबरी तळाच्या विशेष चपला देण्यात येतात. घरी करावयाची काळजीही सोपी आहे. हातपाय रोज साध्या पाण्यात भिजवून तेल लावावे, झोपण्यापूर्वी तळपाय निरखावेत, गरम भांडे फडक्याने धरावे आणि जखम झाल्यास त्या पायास विश्रांती द्यावी.

निर्मूलनानंतरचा प्रश्न

१९८० च्या दशकाच्या आरंभी देशात दर १०,००० लोकसंख्येमागे पन्नासहून अधिक रुग्ण नोंदले जात. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर एकपेक्षा खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या या अर्थाने कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर करण्यात आले. ही कामगिरी मोठी होती. परंतु ‘दूरीकरण’ या शब्दाचा अर्थ रोग संपला असा घेतला गेला, लक्ष अन्यत्र वळले आणि छुपे रुग्ण तसेच राहिले. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतात असतात. राष्ट्रीय सरासरी खाली आली तरी एखाद्या जिल्ह्याचे, तालुक्याचे किंवा टोल्याचे चित्र निराळे असू शकते.

यामुळे २०१६ पासून घरोघर जाऊन रुग्णशोध मोहिमा घेण्यात येऊ लागल्या, तर २०१७ पासून ३० जानेवारी या महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस ‘स्पर्श’ जनजागृती अभियान सुरू झाले. २०२७ पर्यंत संसर्गाची साखळी तोडण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने ठेवले आहे. त्यासाठी संशोधनाने एक नवे साधन दिले आहे. बांगलादेशात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या निरोगी सहवासितांना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा दिल्यास पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यातील नव्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांनी कमी होते, असे तीत आढळले. आता आपल्याकडेही घरातील व शेजारपाजारच्या व्यक्तींना तपासणी करून अशी मात्रा दिली जाते. ती देण्यापूर्वी कुष्ठरोग व क्षयरोग नसल्याची खात्री करून घ्यावी लागते आणि गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत.

येथे मात्र एक अडचण उभी राहते. शेजाऱ्यास मात्रा द्यावयाची तर रुग्णाचे नाव उघड होण्याची भीती असते. त्याचे नाव गुप्त ठेवूनही साऱ्या वस्तीची तपासणी करता येते. त्यासाठी आशा कार्यकर्तीचे कौशल्य आणि गावाचा समंजसपणा या दोहोंची गरज आहे.

मलमांचा मोह

न खाजणारा डाग लपून राहतो, तर खाजणारा डाग दुकानाकडे धाव घ्यावयास लावतो. ओल्या हवेत, घामाने भिजलेल्या घट्ट कपड्यांत नायटा फोफावतो. दुकानात मिळणाऱ्या संमिश्र मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज तत्काळ थांबते, परंतु बुरशी मरत नाही. उलट ती पसरते, डागाचे रूप पालटते आणि डॉक्टरासही निदान कठीण होते. दीर्घकाळ वापराने कातडी पातळ होऊन तीवर व्रण उमटतात. कुष्ठरोगाच्या डागावर असेच मलम चोळत राहिल्यास निदानास आणखी उशीर होतो, हा धोका वेगळाच.

गेल्या काही वर्षांत भारतात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा मोठ्या प्रमाणात आढळू लागला. त्यास कारणीभूत असलेल्या बुरशीच्या प्रकारास जपानमधील संशोधकांनी २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’ असे नाव दिले. स्टेरॉइडयुक्त मलमांचा बेसुमार वापर हे या प्रसाराचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली आहेत. नायट्याचा उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने, घरातील सर्व बाधितांनी एकाच वेळी व पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावा. कपडे व पंचा वेगळे ठेवावेत आणि ते उन्हात वाळवावेत.

शेगावचा धडा

केसांच्या विकारांतही घाईने काढलेला निष्कर्ष घातक ठरतो. डोक्यावर नाण्याएवढी गुळगुळीत टक्कल पडते, तिला चाई म्हणतात. ती किड्याने खाल्ल्यामुळे पडते, असा समज आहे. वास्तविक तीही कोडाप्रमाणे संरक्षक पेशींच्या चुकीमुळे होते. ती संसर्गजन्य नाही व पुष्कळदा केस पुन्हा येतात. शाळेत अशा मुलास वेगळे बसविण्याचे कारण नाही.

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या अनेक गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले व काही दिवसांतच पूर्ण टक्कल पडू लागले. स्त्री-पुरुष, विद्यार्थी, सारेच हवालदिल झाले. प्रारंभी पाण्यातील क्षार व बुरशीचा संसर्ग यांवर संशय घेण्यात आला. आरोग्य विभागाने पाणी, रक्त व त्वचेचे नमुने घेतले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथकही दाखल झाले. विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपास केला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे प्रमाण घटलेले आढळले, असे त्यांनी मांडले व आहारातील गव्हाकडे लक्ष वेधले. सेलेनियम शरीरास अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. त्याचा अतिरेक झाल्यास केस व नखे गळतात. तो गहू खाणे थांबविल्यावर अनेकांचे केस पुन्हा उगवू लागल्याचे निरीक्षणही त्यांनी नोंदविले.

या घटनेचा बोध इतर जिल्ह्यांनीही घ्यावयास हवा. एकाच गावात एकाच वेळी अनेकांना एकच विकार झाला, तर पाणी, धान्य, साबण, तेल यांपैकी सर्वांत समान काय आहे, हे शोधावे लागते. त्यासाठी पहिला रुग्ण कधी आढळला, त्याने काय खाल्ले व कोठले पाणी वापरले, याची नोंद गावपातळीवरच व्हावयास हवी. धान्याचा व पाण्याचा नमुना राखून ठेवणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास विनाविलंब कळविणे, ही ग्रामपंचायतीने संशोधनास केलेली प्रत्यक्ष मदतच होय.

कायदा बदलला, दृष्टी बदलावी

कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा ब्रिटिशकालीन कायदा २०१६ साली रद्द झाला. २०१९ साली वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती होऊन कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वगळण्यात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश असून पात्र व्यक्तींना प्रमाणपत्र व त्यासोबतच्या सवलती मिळू शकतात. कायद्याने आपले काम केले आहे. ते गावापर्यंत नेण्याचे काम मात्र शिल्लक आहे.

शिक्षकांना दररोज शेकडो चेहरे दिसतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या अंगावर फिकट, न खाजणारा डाग दिसल्यास त्याची वर्गात वाच्यता न करता पालकांना विश्वासात घ्यावे व मुलास आरोग्य केंद्रात पाठवावे. रोगाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. योग्य दाराशी पोहोचविणे हे त्याचे काम आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी ३० जानेवारीच्या ग्रामसभेत केवळ प्रतिज्ञा वाचून न थांबता आपल्या गावातील तपासणी पूर्ण झाली की नाही, स्थलांतरावरून परतलेली कुटुंबे व शेतावर राहणारे मजूर त्यातून सुटले की काय, याची चौकशी करावी. उपचार पूर्ण केलेल्या व्यक्तीस रोजगार हमीच्या कामावर, पंगतीत व बचत गटात पूर्वीचे स्थान मिळेल, हे पाहावे. स्त्रिया अंगावरील डाग संकोचाने लपवितात, म्हणून त्यांच्या तपासणीसाठी स्त्री कार्यकर्ती व आडोशाची जागा यांची व्यवस्था असावी.

हॅन्सन यांच्या सूक्ष्मदर्शकापासून वर्ध्याच्या घरोघरच्या सर्वेक्षणापर्यंत आणि मुंबईच्या प्रयोगशाळेपासून आजच्या एका मात्रेच्या प्रतिबंधापर्यंत संशोधनाने सुमारे दीडशे वर्षांची वाटचाल केली आहे. आता उरले आहे ते थोडे अंतर : घरापासून उपकेंद्रापर्यंतचे. रोवणीच्या हंगामापूर्वी एखाद्या स्त्रीच्या पायावरील बधिर डाग ओळखला गेला, तर वर्षभराच्या आत ती रोगमुक्त होते आणि तिच्या पायाखालचा काटा तिला पूर्वीसारखाच बोचतो. तो बोचावा, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.